दुनळी बंदुकींतील दाब आणि तिचें सामर्थ्य

पवईचा तलाव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनी पाहिलेला असेल. मुंबईस पाणी पुरविण्याच्या हेतूनें १८९१ सालीं बांध घालून तो तयार करण्यांत आला. पाण्याची खोली वाढते तसा त्याचा दाब वाढतो, दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका, हा नियम आपण शाळेंत शिकतों. म्हणूनच बांधाचा पाया माथ्यापेक्षां रुंद ठेवितात. बंदुकीच्या नळींतही दाबच काम करितो. तो किती असतो, कसा उत्पन्न होतो आणि बंदूक तो कशी सोसते, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दिवस सरले. तथापि कोकणांत पीक-संरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आजही आहेत, आणि कित्येक घरांत आजोबांची दुनळी जपून ठेविलेली असते. तेव्हां हा विषय केवळ कुतूहलाचा नव्हे.

प्रथम आकार पाहूं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी होय. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. वीस बोअरची नळी अर्थातच हिच्याहून अरुंद.

आजच्या युरोपीय प्रमाणाप्रमाणें बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा कमाल दाब ७४० बार ठरविलेला आहे. एवढा दाब पाण्यानें उत्पन्न करावयाचा तर साडेसात हजार मीटर उंचीचा स्तंभ लागेल. म्हणजे १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर साडेचार वेळां एकावर एक रचावें लागेल! काडतुसाच्या बुडाचें आंतील क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर धरलें, तर मागच्या बाजूस बसणारा रेटा सवादोन टनांच्या घरांत जातो. हें सर्व सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत घडतें.

आतां दारूचा स्वभाव पाहूं. जुनी काळी दारू सोरा, कोळसा व गंधक यांची. तिच्या जळण्याचा वेग मुख्यत्वें दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो; आणि जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो, म्हणून तिचा धूर दाट व नळी मळकट. १८८४ सालीं पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानें नत्राम्लाच्या क्रियेनें बनविलेल्या कापसापासून बिनधुराची दारू सिद्ध केली. ही वजनास हलकी असूनही जोरांत अधिक. शिवाय दाब वाढला कीं हिचें ज्वलन वाढतें, आणि ज्वलन वाढलें कीं दाब आणखी वाढतो. म्हणूनच काळ्या दारूचें माप घेऊन त्यांत नवी दारू भरणें म्हणजे नळी फोडण्यास आमंत्रण देणें होय.

दाब नळीच्या मुळाशीं, काडतुसाच्या जागीं, सर्वांत अधिक असतो व पुढें छर्रे सरकतात तसा तो झपाट्यानें उतरतो. म्हणून नळी मुळाशीं जाड व तोंडाकडे पातळ करितात. परंतु मोडून उघडणाऱ्या बंदुकीची खरी कसोटी नळींत नसून तिच्या मागील पोलादी ठोकळ्यांत आहे. बिजागरी खालीं आणि रेट्याची रेषा वर, यामुळें प्रत्येक बाराच्या वेळीं ठोकळ्याची उभी भिंत मागें कलूं पाहते. भिंत व तिच्या पुढें आलेला आडवा दांडा ज्या कोपऱ्यांत मिळतात, तेथें ताण सर्वांत तीव्र. दुनळींत प्रत्येक नळी मध्यरेषेच्या एका बाजूस असल्यानें थोडा पीळही पडतो. हा ताण सोसावा म्हणून कुशल कारागीर तो कोपरा काटकोनी न ठेवतां किंचित् गोलावतात, आणि नळ्या घट्ट धरून ठेवण्यास खिट्या योजितात. लंडनच्या पर्डी यांची दुहेरी खिटी १८६३ ची, तर बर्मिंगहॅमच्या ॲन्सन व डीली यांची सुटसुटीत रचना १८७५ ची.

बंदूक विकण्यापूर्वीं नेहमींपेक्षां जबर बार उडवून तिची परीक्षा घेतात व छाप मारितात. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. परंतु काळ्या दारूची परीक्षा उतरलेली बंदूक नव्या दारूस योग्य ठरत नाहीं. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेल्या जुन्या नक्षीदार नळ्या दिसावयास सुंदर. पण सांध्यांत शिरलेला गंज बाहेरून दिसत नाहीं.

आणखी एक धोका ध्यानांत असूं द्यावा. वीस बोअरचें काडतूस चुकून बारा बोअरच्या नळींत गेलें तर तें पुढें सरकून अडकतें. नळी रिकामी समजून मागें दुसरें काडतूस घालून बार काढला, तर नळी हाताजवळच फुटते. म्हणूनच आज वीस बोअरचें काडतूस पिवळ्या रंगाचें करण्याची वहिवाट आहे. नळींत अडकलेला चिखल वा चिंधीही असाच अनर्थ करिते.

वडिलोपार्जित बंदूक घरांत असेल तर पालकांनी ती जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी, आणि तिचा छाप वाचल्याखेरीज तींत काडतूस घालूं नये. मुलांनी तर तिला हातही लावूं नये. पवईचा बांध पाण्याचें माप ओळखूनच बांधला गेला. दारूचेंही माप ओळखूनच वागलें पाहिजे. शक्ति कितीही मोठी असो, तिचें माप ज्यास ठाऊक त्याच्याच ती कह्यांत राहते.