अक्षराच्या माथ्यावरची नागमोडी रेघ

पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण मूळ शब्द पोर्तुगीज लिपीत लिहिताना त्यातल्या 'आ' ह्या स्वराच्या डोक्यावर एक आडवी, नागमोडी रेघ काढतात आणि तिच्यामुळे तो स्वर नाकातून, साधारण 'पांउ' असा निघतो, हे फारसे कोणी सांगत नाही. ह्या रेघेला स्पॅनिश भाषेत 'तिल्दे' म्हणतात, इंग्रजीत 'टिल्डा'. रेघ एवढीशी, पण तिचा प्रवास मोठा आहे.

छापखाने निघण्यापूर्वी युरोपात ग्रंथ हाताने उतरवून घेत. भाषा लॅटिन आणि लिहायचे कमावलेल्या कातड्यावर. कातडे महाग, लिहिणाऱ्याचा हात थकलेला. लॅटिनमध्ये म आणि न ही अक्षरे पावलोपावली येतात. तेव्हा लेखनिक काय करी? ते अक्षर गाळून मागल्या स्वरावर एक बारीक रेघ ओढी. वाचणाऱ्याने समजून घ्यायचे, की इथे म किंवा न आहे. आपणही 'सन्त' न लिहिता 'संत' लिहितो, त्यातलाच हा प्रकार! रेघेचे नावही लॅटिन 'तितुलुस', म्हणजे मथळा, ह्या शब्दावरून आले.

पुढे बोलणे बदलले, तशी रेघेची कामेही बदलली. पोर्तुगीज भाषेत दोन स्वरांमधला न झिजून गेला. पण जाताना शेजारच्या स्वराला नाकातला सूर देऊन गेला. लॅटिन 'पानेम'चे 'पांउ' झाले. 'मानुस' म्हणजे हात (आपला माणूस नव्हे बरे का!), त्याचे 'मांउ' झाले. न गेला, त्याची खूण डोक्यावर राहिली. आपल्याकडे तरी दुसरे काय झाले? संस्कृत 'दन्त'मधला न झिजला आणि मराठीत 'दांत' हा शब्द कित्येक वर्षे टिंब देऊन लिहिला गेला. गोव्यात २४ जूनला डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या घेतात, त्या सणाला 'सांजांव' म्हणतात. संत जुआंव ह्यांचा तो दिवस. मूळ पोर्तुगीज नावात 'संत' आणि 'जुआंव' ह्या दोन्ही शब्दांवर हीच रेघ आहे. नागरीत येताना तिचे टिंब झाले, इतकेच.

स्पेनमध्ये निराळे घडले. तिथे दोन न जोडून आले, की एकच न लिहून वर रेघ देत. त्या जोड नकाराचा उच्चार हळूहळू आपल्या ञ सारखा झाला. लॅटिन 'आन्नुस' म्हणजे वर्ष, त्याचे स्पॅनिशमध्ये 'आञो' झाले. रेघवाला न हे तिथे आता स्वतंत्र अक्षरच मानतात. 'आञो'वरची रेघ विसरली, तर चारचौघांत उच्चारू नये असा शब्द होतो. म्हणून तिथले मास्तर ह्या बाबतीत फार दक्ष असतात.

ह्या अक्षरावरून एकदा मोठा वादही झाला. हे अक्षर नसलेले संगणक स्पेनमध्ये विकू नयेत, असा तिथे नियम होता. हा व्यापाराला अडथळा आहे, अशी हरकत १९९१ साली युरोपीय समुदायाने घेतली. स्पेन नमला नाही. मास्ट्रिक्ट करारात संस्कृतीच्या रक्षणाला वाव ठेवला होता. त्याचा आधार घेऊन १९९३ साली त्याने नवा हुकूम काढला आणि अक्षर राखले. यंत्राने भाषेप्रमाणे वागावे, की भाषेने यंत्राप्रमाणे, हा त्यातला खरा प्रश्न होता.

इतर ठिकाणी रेघेला आणखी कामे मिळाली. व्हिएतनामी भाषेसाठी मिशनऱ्यांनी रोमन लिपी बसवली. तिच्यात ही रेघ आवाजाचा चढउतार दाखवते. 'मा' हाच शब्द सुराप्रमाणे भूत, आई किंवा भाताचे रोप होतो. एस्टोनियात ती एका वेगळ्याच स्वराची खूण आहे. ध्वनिशास्त्रात कोणत्याही भाषेतला सानुनासिक स्वर तिने दाखवतात. तर्कशास्त्रात ती 'नाही' म्हणते, गणितात 'सुमारे' म्हणते.

आता आपल्या टिंबाकडे वळू. पूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे होडी, असा भेद लिहिण्यात होता. १९६२ साली मराठीचे नवे लेखननियम झाले आणि उच्चारात नसलेली अशी टिंबे गेली. मुलांचा भार हलका झाला, हे खरे. पण म्हणून सगळीच टिंबे ऐच्छिक झाली, असे कोणी समजू नये. 'गावात टँकर पाठवा' आणि 'गावांत टँकर पाठवा' ही दोन वाक्ये पहा. पहिल्यात एक गाव, दुसऱ्यात अनेक. कारकुनाच्या हातून एक टिंब राहिले, तर उन्हाळ्यात किती घागरी रिकाम्या राहतील?

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलाच्या वहीत टिंब चुकले, तर नुसती तांबडी खूण करून थांबू नका. ते टिंब तिथे कशासाठी आहे, हे सांगा. कारण कळले, की मूल ते सहसा विसरत नाही.