कललेले क्षितिज

समुद्रकाठच्या छायाचित्रात क्षितिज कलले, की सारा समुद्र एका अंगाला सांडतो आहे असे आपणांस वाटते. संगणकावर हा दोष क्षणात दूर होतो. आपण क्षितिजावर रेघ ओढावी. तिचा कल मोजून संगणक चित्र फिरवतो. परंतु फिरलेल्या चित्राचे कोपरे रिते पडतात, म्हणून कडा छाटाव्या लागतात. ३:२ प्रमाणाचे चित्र ३ अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखले, तर सुमारे १४ टक्के भाग जातो. कडेला उभी असलेली आजी नेमकी त्यातच जायची!

शिवाय तिरका दूर जाणारा तळ्याचा काठ मुळातच कललेला दिसतो. तो आडवा करू गेलो, तर काठावरचे देऊळ कलंडेल. तेव्हा खरोखर आडवे काय, हे आधी आपण ठरवावे. आणि मूळ चित्र तेवढे जपून ठेवावे.