कलिंगडाची रोपं: थंडीत ट्रे उघड्यावर ठेवू नका



रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०२३ ला तो २४ मार्चला सुरू झाला होता, २०२६ ला १९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतोय. म्हणजे जी रोपं आपण जानेवारीअखेर टाकायचो, ती आता ऐन डिसेंबरच्या थंडीत टाकावी लागतात. आणि कलिंगडाच्या बियाला तर २५ ते ३० अंश ऊब लागते. करकंब भागात पहाटे जो गारठा पडतो, त्यात उघड्यावरचं बी नुसतं फुगतं आणि कुजतं. संकरित बी नगावर मोजून विकत घेतो आपण, तेव्हा हे नुकसान परवडत नाही.

म्हणून पहिले ३-४ दिवस ट्रे घरात ठेवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, एवढंच ओलं करा. बी आडवं ठेवून वर साधारण एक सेंटीमीटर कोकोपीट टाका. उथळ टाकलं तर बियाची साल पानांवर टोपीसारखी अडकते. रंगीत बियाला कंपनीचं औषध लावलेलं असतं, ते भिजवत बसू नका. मग ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने चारी बाजूंनी गुंडाळा. चुलीशेजारची खोली सगळ्यात चांगली. बेदाण्याचं शेड रिकामंच आहे म्हणून तिथं नेऊ नका, ते वारा खेळावा म्हणूनच बांधलेलं असतं!

खरी चूक होते ती पुढे. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गठ्ठा उघडून बघायचाच. दहा-वीस बियांनी मान वर काढलेली दिसली की त्याच वेळी ट्रे सुटे करून उजेडात, शेडनेटमध्ये न्या. "उद्या बघू" म्हटलं तर एका रात्रीत रोपं दोऱ्यासारखी लांबतात, आणि लांबलेलं रोप परत आखूड होत नाही. रात्री वरून प्लास्टिक झाका, ऊन आलं की काढा.

पाणी सकाळी १० नंतर द्या, तेही थेट बोअरचं. टाकीतलं रात्रभर गार झालेलं असतं. संध्याकाळी पाणी दिलं की बुडाशी रोप कुजून आडवं पडतं. तसं दिसलं तर आधी पाणी कमी करा, औषध नंतर.

६ फुटी बेड आणि सव्वा फुटावर रोप धरलं तर एकरी सुमारे ५,८०० रोपं बसतात. ९८ कप्प्यांचे ६५ ट्रे भरा, म्हणजे नांग्या भरायलाही उरतात. थंडीत रोप तयार व्हायला १८-२० दिवस लागतात. दोन खरी पानं आली आणि ओढल्यावर मुळासकट गड्डा अख्खा निघाला की लावा. जास्त दिवस ट्रेमध्ये ठेवू नका, मुळं गुंडाळतात.

आत्ता टाकलेल्या रोपांचा माल मार्चच्या मध्यावर निघेल, म्हणजे ईदच्या आधीचा आठवडाच सापडेल. माझं मत विचाराल तर त्यासाठी कच्ची रोपं लावायची घाई करू नका, उन्हाळ्याची मागणी पुढे आहेच.

ट्रे सुटे केल्यावर फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो.

तुमचा कृषी सल्लागार, करकंब