संगणकाचा पत्ता

शिवाजीनगर या नावाची वस्ती बंगळूरमध्ये आहे, तशीच ती पुण्यातही आहे. पाकिटावर केवळ ‘शिवाजीनगर’ एवढेच लिहिले, तर पत्र कोणत्या गावी धाडावे हे टपाल खात्यास कळणार नाही. असा घोटाळा टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली सहा अंकी पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. बंगळूरच्या शिवाजीनगराचा क्रमांक ५६००५१, तर पुण्याच्या शिवाजीनगराचा ४११००५ आहे.

परस्परांशी जोडलेल्या संगणकांनाही अशाच क्रमांकाची गरज असते. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीनुसार तो ० ते २५५ या मर्यादेतील चार संख्यांचा बनतो. या रीतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगाची गरज याहून मोठी ठरल्यामुळे पुढे सहावी आवृत्ती आखण्यात आली. तिचे पत्ते बरेच लांब असून त्यांत रोमन अक्षरेही येतात.

पत्ता पाहण्याची रीत संगणकाच्या कार्यप्रणालीनुसार बदलते. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावा व एंटर कळ दाबावी. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या शब्दांसमोर पत्ता दिसतो. लिनक्समध्ये ‘टर्मिनल’ उघडून ‘आयपी’ व थोडी जागा सोडून ‘ए’ असे रोमन अक्षरांत लिहावे. तेथे ‘इनेट’ या शब्दापुढे पत्ता असतो. मात्र १२७ या संख्येने आरंभ होणारा पत्ता संगणकाच्या स्वतःशी चालणाऱ्या व्यवहारापुरता असल्याने तो वगळावा. मॅक संगणकाच्या नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क’ विभागात चालू जोडणी निवडून तिचा तपशील पाहावा.

असा मिळालेला पत्ता पुष्कळदा १९२.१६८ या संख्यांनी सुरू होतो. तो केवळ घरातला पत्ता होय. जसे शिवाजीनगर अनेक गावांत, तसा हाच पत्ता असंख्य घरांत असू शकतो. संदेश बाहेर पडताना राउटर त्यावर दुसरा, सार्वजनिक पत्ता घालतो. तो सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून मिळतो. आज एका ग्राहकाकडे असलेला सार्वजनिक पत्ता उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कित्येकदा एकाच वेळी अनेक ग्राहक तोच पत्ता वापरीत असतात.

म्हणूनच पत्त्याइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. २००७ साली छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या ऑर्कुटवरील आक्षेपार्ह मजकुराचा तपास करताना पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. आयपी पत्त्यावरून त्यांना मिळालेला ग्राहकाचा तपशील चुकीचा होता. निरपराध असूनही त्या तरुणास सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले.

तक्रार नोंदविताना अथवा तपास करताना सार्वजनिक पत्त्यासोबत दिनांक आणि अचूक वेळ लिहिणे आवश्यक ठरते, ते यामुळेच. एवढे करूनही पत्त्यावरून कळते ती जोडणी. तिच्यापाशी कोण बसले होते, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. पाकिटावरील पिनकोडावरून घराची वाट सापडते, पत्र लिहिणारा हात ओळखता येत नाही.