स्फोटकांविना खडक व काँक्रीट फोडण्याच्या पद्धती : तत्त्व, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :
महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट या कठीण अग्निजन्य खडकाने व्यापलेला आहे. त्यामुळे विहीर खोदणे असो, इमारतीचा पाया घेणे असो वा रस्त्याचे रुंदीकरण असो, खडक फोडण्याचा प्रश्न येथे पदोपदी उद्भवतो. सुरुंग हा त्यावरील रूढ उपाय होय. मात्र दाट वस्तीत सुरुंगाच्या हादऱ्यांनी जुन्या घरांच्या भिंतींना तडे जाण्याची व उडालेल्या दगडांनी माणसे जखमी होण्याची भीती असते. शिवाय स्फोटकांची साठवण, वाहतूक व वापर यांवर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांचे नियंत्रण आहे. अशा ठिकाणी स्फोटकांविना फोडकाम करण्याच्या पद्धती उपयुक्त ठरतात. त्यांचे कार्य कसे चालते आणि त्या खरोखर कितपत निर्धोक आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूलभूत तत्त्व :
खडक आणि काँक्रीट दाब सहन करण्यात बळकट, परंतु ताण सहन करण्यात दुबळे असतात. काँक्रीटचे ताणबल त्याच्या दाबबलाच्या साधारणतः एक-दशांश असते. बाहेरून घणाचे घाव घालताना पदार्थाच्या बळकट बाजूशी झुंज द्यावी लागते. याउलट छिद्र पाडून आतून बाहेर रेटा दिल्यास छिद्राभोवती ताण निर्माण होतो व तडा तुलनेने अल्प बळाने जातो. बहुतेक निःस्फोटक पद्धतींच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

प्रमुख पद्धती :
(१) पाचर पद्धत : ही सर्वांत जुनी पद्धत होय. दगडात एका रेषेत छिद्रे पाडून प्रत्येकात दोन लोखंडी पट्ट्या व त्यांच्यामध्ये पाचर बसवितात. सर्व पाचरींवर क्रमाने, थोडे थोडे घाव घातले की छिद्रे जोडणारी सरळ भेग पडते. वडार समाजातील व अन्य पाथरवटांचे दगडकामाचे कसब अशाच पाचर, घण व छिन्नीवर उभे आहे. हायड्रॉलिक स्प्लिटर हे या पाचरीचेच आधुनिक रूप असून त्यात घणाची जागा तेलाच्या दाबाने घेतली आहे.

(२) विस्तारक चूर्ण : या चूर्णाचा मुख्य घटक चुनकळी, म्हणजेच कॅल्शियम ऑक्साइड, हा होय. चुनकळी विरवली असता कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते व घन पदार्थाचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. साधी चुनकळी काही मिनिटांतच उकळून विरते. म्हणून या कामासाठी ती अधिक तापमानाला भाजून तिची क्रिया मंद केलेली असते. चूर्णाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी घालून केलेली राबडी साधारणतः ३० ते ५० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांत ओततात. विस्तारास वाव नसल्यामुळे छिद्राच्या भिंतीवर प्रचंड दाब येतो आणि काही तासांत, बहुधा एका दिवसाच्या आत, तडे उमटतात. हादरा नाही, आवाज नाही. मात्र खडकाची किमान एक बाजू मोकळी हवी. अन्यथा तडा गेलेल्या भागास सरकण्यास जागाच उरत नाही.

(३) यांत्रिक पद्धती : उत्खनन यंत्राला जोडलेला ब्रेकर सर्वत्र परिचित आहे. त्याचे काम जलद होते, परंतु आवाज व कंपने टळत नाहीत. हिऱ्याचे कण बसविलेल्या तारेची करवत मात्र लोखंडी सळयांसह काँक्रीट कापू शकते.

मर्यादा व दक्षता :
विस्तारक चूर्ण सळया तोडू शकत नाही. प्रबलित काँक्रीटमध्ये भेगा पडल्यानंतर सळया स्वतंत्रपणे कापाव्या लागतात. ही अडचण स्फोटकांनाही चुकलेली नाही. पुण्यातील चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला, तेव्हाही उरलेला भाग यंत्रांच्या साहाय्याने काढावा लागला होता.

तापमानाकडे दुर्लक्ष करणे विशेष धोक्याचे ठरते. उन्हाने तापलेल्या खडकात किंवा ऋतूस अनुचित प्रतीचे चूर्ण वापरल्यास क्रिया एकाएकी वेग घेते व उष्ण, दाहक राबडी छिद्रातून उसळून वर येते. ती डोळ्यांत गेल्यास दृष्टी गमावण्याची शक्यता असते. म्हणून संरक्षक चष्मा व हातमोजे आवश्यक आहेत, पाणी थंड असावे आणि भरलेल्या छिद्रावर कोणीही वाकून पाहू नये.

याहून मूक धोका धुळीचा आहे. छिद्रे पाडणे स्फोटकांच्या व निःस्फोटक अशा दोन्ही कामांत अटळच असते. काँक्रीटमधील वाळूत तसेच ग्रॅनाइटसारख्या खडकांत स्फटिकरूप सिलिका असते. तिची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. छिद्र पाडताना पाण्याचा वापर व योग्य मुखपट्टी हे त्यावरील प्रतिबंधक उपाय होत.

समारोप :
निःस्फोटक पद्धतींना वेळ अधिक लागतो व छिद्रणाचा खर्चही वाढतो. मात्र शेजारची घरे, जलवाहिन्या व जुन्या वास्तू सुरक्षित राहतात. तथापि निःस्फोटक म्हणजे निर्धोक नव्हे. सुरुंगाचा धोका परिसराला जाणवतो व त्याविरुद्ध आवाज उठतो. चुन्याचा दाह आणि धूळ मात्र छिद्र पाडणारा मजूर एकटाच सोसतो. म्हणून पद्धतीची निवड करताना भिंतींच्या सुरक्षिततेइतकाच मजुराच्या डोळ्यांचा व फुप्फुसांचा विचार होणे, आणि त्यावरील खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच समाविष्ट असणे अगत्याचे आहे.