हृदयझडपांच्या विकारातील धमन्यांची सोनोग्राफी

हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्या रुग्णाच्या धमन्यांची भिंत, पोकळी आणि रक्तप्रवाह श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने तपासण्याची ही पद्धत आहे. ती मुख्यतः मानेतील ग्रीवा धमन्या व हातापायांच्या धमन्यांसाठी वापरली जाते. तीत क्ष-किरणांचा वापर होत नाही.

पद्धत

त्वचेवर जेल लावून प्रोब फिरवतात. पडद्यावर धमनीच्या आतील दोन स्तरांची एकत्रित जाडी मोजली जाते. एखाद्या जागी ती १.५ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास तेथे मेदाचा थर साचल्याचे मानतात. डॉप्लर तंत्राने रक्ताचा वेग कळतो. अंतर्ग्रीवा धमनीतील कमाल वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास ती निम्मी वा त्याहून अधिक अरुंद झाली असण्याची शक्यता असते.

झडपांच्या विकाराचा परिणाम

महाधमनीची झडप अरुंद झाल्यास हृदयातील मर्मरध्वनी मानेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज झडपेचा की ग्रीवा धमनीतील अडथळ्याचा, हे केवळ ऐकून ठरवता येत नाही. सोनोग्राफीने ते स्पष्ट होते. मात्र या विकारात दोन्ही बाजूंच्या धमन्यांत रक्ताचा वेग मंदावतो व उशिरा वाढतो. परिणामी, खरा अडथळा प्रत्यक्षाहून सौम्य भासू शकतो. महाधमनीची झडप गळत असल्यास हृदयाच्या शिथिलनकाळात रक्त उलट वाहताना दिसते. म्हणून झडपेची स्थिती ठाऊक नसताना काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

द्विदल झडप अरुंद झाल्यास डाव्या अलिंदात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूच्या धमनीत अडकल्यास पक्षाघात होतो; पायाच्या धमनीत अडकल्यास पाय अचानक थंड व फिकट पडतो.

भारतातील संदर्भ

भारतात घशाच्या जिवाणुसंसर्गानंतर येणारा संधिवाती ताप हे तरुणांमधील झडपविकाराचे प्रमुख कारण आहे. वयस्कांत झडपेवर कॅल्शियम साचते. मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे त्याच रुग्णाच्या धमन्याही कठीण होतात.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायदा १९९४ चा आहे. त्यामुळे परभणी, गंगाखेड वा जिंतूर येथे यंत्र केवळ धमन्यांसाठी वापरले जात असले, तरी सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आवश्यक असते.