धुऱ्यावरची बोर कोणी लावली?

दिवाळी उलटली की शेताच्या धुऱ्यावरची बोरं पिकायला लागतात. तुम्ही खिसे भरभरून आणता, खाता अन् बिया फेकता. पण मला सांगा, ती बोर तिथे लावली कोणी? आजोबांना विचाराल तर ते म्हणतील, "लावली नाही रे, आपोआप आली!"

आपोआप काही येत नाही, बरं का! कोल्हा बोरं खातो, अस्वलही खातं. बिया त्यांच्या विष्ठेतून दूर जाऊन पडतात. कोकीळ निंबोळ्या खाते आणि कुठेतरी फांदीवर बसून बिया टाकते. बाभळीच्या शेंगा तर शेळ्यांचा खाऊच. रवंथ करताना त्या कडक बिया बाहेर टाकतात. काही लेंड्यांतून पडतात. वावराच्या मधोमध उगवलेलं रोप डवऱ्याखाली जातं, धुऱ्यावरचं मात्र वाचतं. म्हणजे पेरलं पाखरा-जनावरांनी अन् राखलं शेतकऱ्यानं!

याच झुडपांत दिवसा रानडुकरं लपतात. रात्री ती तुरीत शिरतात, रोहीही येतात. म्हणून तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी घरचे बाबा जागलीला जातात. आणि डुकरांच्या मागे कधी कधी वाघ येतो.

आपलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. मोठ्या झालेल्या बछड्यांना नवी जागा शोधावीच लागते. २०१९ च्या जूनमध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ तिथून निघाला. दिवसा लपायचं, रात्री चालायचं! नाले, शेतं, रस्ते ओलांडत, तेलंगणातही फिरून तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

गोष्ट नेहमी अशी गोड नसते. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांचे जीव गेले. त्याचा ठपका 'टी-१' वाघिणीवर आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. मागे दोन बछडे राहिले. त्या दिवसांत बायामाणसं कापूस वेचायला एकट्यानं जात नसत.

आमच्या वर्गात यावर चांगलीच जुंपली. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, धुरे साफच करून टाका. डुक्कर नाही, तर वाघ नाही." मागच्या बाकावरची मुलगी फणकारली, "मग तित्तिरानं कुठं जावं? अन् बोरं?" मलाही चटकन उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं, त्या मुलाच्या बाबांनी पाणंदीलगतची घाणेरी तोडली, म्हणजे येता-जाता लांबवरचं दिसावं. बोर मात्र ठेवली. परवा तो तिचीच बोरं वर्गात वाटत होता.